गुणाचा हात

श्रीमंतचं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचायच्या आधी हात धुवायला उठलो. का उठलो कुणास ठाऊक. पत्रानं काही हात विटाळत नाहीत. पण पाय बेसिनकडे गेले, नळ सोडला, नळ जरासा खाकरला आणि गप्प बसला. मागच्या दसऱ्यापासून नगरचे नळ असेच वागताहेत. टँकर दोन दिवसांआड येतो. तेव्हा ऑपरेशनसाठी पिंप भरून ठेवतात, वॉर्डासाठी बादल्या, आणि डॉक्टरांच्या खोलीत एक तांब्या, वर झाकण. तांब्यातलं पाणी पिण्याचं. मी बेसिनपाशी नुसताच उभा राहिलो. समोर आरसा. आरशात पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, चेहऱ्यावर कायम सौम्य भाव बाळगणारा एक गृहस्थ, आणि त्याचा उजवा हात नळावर. तो हात मी अगदी नव्यानं बघितला. रुंद तळवा, आखूड बोटं, वडिलांच्या वळणाचा माळ्याचा हात. तर्जनीच्या नखाशेजारी कातडीला एक चीर आहे. सदा ओल्या हातांना पडते तशी. दोन वर्षं झाली असतील, ती बुजते आणि पुन्हा उघडते. मी तिला कधी जखम म्हटलं नव्हतं. जखमा पेशंटना असतात.

श्रीमंत निंबाळकर माझा कॉलेजातला सोबती. मी सर्जन झालो, तो पुण्यात लॅबोरेटरी काढून लोकांच्या थुंकीत आणि पुवात डोकं घालून बसला. ‘तू माणसांना भेटतोस तरी कधी?’ असं मी त्याला वीस वर्षं चिडवत आलोय. त्याचं पत्र त्याच्यासारखंच, कोरडं. ‘राधाकृष्ण, तू पाठवलेल्या चारही जखमांच्या पुवात एकच जंतू वाढला. पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, तिघांनाही तो दाद देत नाही. तुझ्या हॉस्पिटलातल्या नऊजणांच्या नाकातले आणि हातांवरचे नमुने तपासले. आठजणांकडे तो नाही. नववा नमुना तुझा. नाकात आणि तर्जनीच्या चिरेत तोच जंतू, त्याच खोडींसकट. कोर्टात शपथेवर सांगावं इतका हा पुरावा नाही, पण तुझ्या जागी मी असतो तर आत्ता, या क्षणी, पेशंटला हात लावायचं थांबवलं असतं. स्वतः ठणठणीत असूनही माणूस जंतू बाळगतो, हे तुला मी सांगायला नको. नाकात लावायचं मलम पाठवतोय. बोट बरं होऊन दुसरा नमुना साफ येईपर्यंत सुट्टी घे. आणखी एक. एरिथ्रोमायसिनला हा अजून दाद देतो. ज्यांना लागण झालीय त्यांनाच दे आणि पुरते दिवस दे. वॉर्डात सरसकट वाटत सुटलास तर तेही पेनिसिलिनच्या वाटेनं घालवशील.’ खाली यादी. तीन नंबर, लंकाबाई भिंगारदिवे: साफ. नऊ नंबर मी. स्टाफला वाईट वाटू नये म्हणून मी माझाही नमुना दिला होता. मोठेपणा म्हणून, सगळ्यांत शेवटी, हसत हसत.

फेब्रुवारीपासून टाके पिकायला लागले. पहिले पारनेरचे आप्पासाहेब, हर्नियाचे. मग आणखी एकजण. हॉस्पिटलात कुजबुज सुरू झाली आणि फिरत फिरत ती लंकाबाईपाशी येऊन थांबली. लंकाबाई सोळा वर्षं माझ्याकडे आहे. कात्र्या-चिमटे उकळणं, गॉजच्या घड्या करणं, आणि पट्ट्या बदलणं. ऑपरेशननंतरची पहिली पट्टी माझी आणि पुढच्या साऱ्या तिच्या, अशी आमची वाटणी. आप्पासाहेबांचा पुतण्या मला व्हरांड्यात गाठून म्हणाला, “पट्टी करती ती बाई कुनाची हो?” “आमचीच आहे,” मी म्हणालो. “तसं न्हवं,” तो म्हणाला आणि आवाज उतरवून पुढचं बोलला. ती बौद्ध आहे हे त्यानं कुठूनतरी काढलं होतं, म्हणजे छप्पन सालाच्या आधी ती कोण होती हे त्याला बरोबर ठाऊक होतं. मी त्याला झापायला हवं होतं. मी न समजल्यासारखं केलं, आणि दुसऱ्या दिवशी भर वॉर्डात, नातेवाइकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, लंकाबाईला सांगितलं की काही दिवस तू मागच्या अंगणात धुण्याचं बघ. ती म्हणाली, “सायेब, मी घड्याळ लावून उकळते. ईस मिंटं. घड्याळ तुमीच दिल्यालं हाय.” “तुझी चूक आहे असं मी कुठं म्हणतोय?” मी म्हणालो. आणि खरंच, मी तसं म्हटलं नव्हतंच. न म्हणण्यात माझा हातखंडा आहे.

ती अंगणात गेल्यावर चांगुणा आली. जामखेडकडची, तिशीतली, गर्भाशयात गाठ. गाठ मी सुरेख काढली. असं काम क्वचित साधतं. पाचव्या दिवशी टाक्यांतून पू, सातव्या दिवशी हुडहुडी भरून ताप. मी पेनिसिलिन दिलं, दुप्पट दिलं, जोडीला स्ट्रेप्टोमायसिन दिलं, आणि रोज दोन वेळा स्वतः जाऊन जखम उघडून बघत राहिलो, याच बोटानं कडेकडेनं दाबत. माझ्याइतकी तिची काळजी कुणी घेतली नाही. अकराव्या दिवशी दुपारी ती गेली. तिचा नवरा पायाशी बसला होता. मला म्हणाला, “तुमी लई केलं सायेब. रोज हात लावला. आमचंच नशीब खोटं.” आणि निघताना माझा उजवा हात त्यानं दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांना लावला. तिच्यानंतर चौथा. म्हणजे लंकाबाई धुण्यावर गेल्यावरही टाके पिकतच होते. हे मला दिसत होतं. तरी मी तिला परत आत घेतलं नाही. घेतलं असतं तर मग कोण, हा प्रश्न उघडा पडला असता. शेवटी पुवाच्या जोडीला स्टाफचेही नमुने पुण्याला पाठवले ते श्रीमंतच्या आग्रहावरून, आणि मनात सिस्टर, आया, वॉर्डबॉय अशी एकेकाची तोंडं आणून बघत. त्यात माझं तोंड नव्हतं. ते आत्ता आरशात होतं आणि तिथून हलायला तयार नव्हतं.

हा हात मी काही जन्माला येताना आणला नव्हता. पन्नास साली दिल्ली गेटाजवळच्या या गल्लीत मी पाटी लावली, तेव्हा पहिले चार महिने नुसता रस्ता बघत होतो. मग एका सकाळी बैलगाडीत घालून रंगुबाई नावाच्या बाळंतिणीला आणलं. अंग फणफणलेलं, डोळे वर गेलेले, घरच्यांनी रडून घेतलेलं. थर्मामीटर आदल्याच दिवशी माझ्या हातून फुटला होता म्हणून मी तिच्या कपाळावर हात ठेवला, चांगला मिनिटभर ठेवला, आणि मग पुण्याहून आणलेलं पेनिसिलिन टोचलं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, भाकरी मागायला लागली. तिच्या नवऱ्यानं बाजारात सांगितलं, “डाक्टरनं कपाळावर हात ठिवला आन् ताप उतारला.” सुईचं नाव त्यानं घेतलंच नाही. महिन्याभरात कर्जत, जामखेड, पारनेर, सगळीकडे झालं, बोरुडे डॉक्टरचा हातगुण आहे. मला हसू आलं. मी बायकोला सांगितलं, ती हसली. पण मी कुणाला खोडून काढलं नाही. पेनिसिलिनला चेहरा नव्हता आणि मला होता. लोकांनी नमस्कार करायचा तरी कुणाला? पुढं पुढं मी हसायचंही सोडलं. एखादा म्हातारा माझा तळवा धरून आपल्या गुडघ्यावर दाबून बसला, तर मी घड्याळाकडे न बघता बसू द्यायचो. आवडायचं मला ते. लाजिरवाणं आहे, पण आवडायचं.

आणि त्या हाताचं नाव राखायचं म्हणून मी सुया टोचत सुटलो. सर्दी, सुई. दाढदुखी, सुई. एसटीत तीन तास धक्के खात आलेल्या माणसाला ‘तुला काही झालेलं नाही, दोन दिवस पडून राहा’ म्हणून परत पाठवणं माझ्या जिवावर यायचं. “सुई न्हाई का सायेब?” असं तो केविलवाणा होऊन विचारायचा आणि मी द्यायचो. ज्याला खरोखरच सात दिवस सुयांची गरज असायची तो दुसऱ्या दिवशी उभा राहिला, की मीच म्हणायचो, “गुण आला ना? मग बास आता.” गुण येणं म्हणजे रोग जाणं नव्हे हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. श्रीमंत एकदा पाहुणा म्हणून आला होता, ओपीडीत माझ्या शेजारी सकाळभर बसला. जेवताना म्हणाला, “तू औषध देतोस का प्रसाद?” मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर प्रसाद हा शब्द मला मनातून पटला होता. तेवीस वर्षं मी अख्ख्या तालुक्यांना तो वाटला, आणि वाटता वाटता त्या जंतूलाही भरवला. तो त्यावर पोसला, धीट झाला, आणि राहायला जागा शोधत माझ्याच नाकात आला. मी नाकानं एक मोठा श्वास घेतला आणि सोडला. नाक अगदी मोकळं होतं. काही दुखत नव्हतं, काही खुपत नव्हतं. हेच मला सहन होईना. कुठं काही ठणकत असतं, तर मी त्याच्यावर चिडलो तरी असतो.

“डॉक्टर, सात नंबरची पहिली पट्टी आहे आज,” दारातून एस्तेर सिस्टर म्हणाल्या. वॉर्ड त्यांच्या ताब्यात असतो. “ट्रॉली लावून ठेवलीय. सासरे सकाळपासून दाराशी उभे आहेत.” मी पत्र खिशात घातलं. सात नंबर म्हणजे भिमाबाई. कर्जतजवळच्या खेड्यातली, वीस-एकवीसची. मूल आडवं होतं म्हणून चार दिवसांपूर्वी पोट उघडून मुलगी काढली. ताप नाही, पोट मऊ, काल उठून बसली. ऑपरेशनला हातमोजे होते. पण आमचे मोजे म्हणजे ठिगळं लावून लावून उकळलेले, कुठल्या बोटाला टाचणीएवढं भोक असेल सांगता येत नाही. कदाचित व्हायचं ते आधीच होऊन गेलं असेल. आणि कदाचित नसेलही, आणि ते आज, पहिल्या पट्टीला, माझ्या बोटानं होणार असेल. कारण वॉर्डात मी मोजे घालत नाही. पूर्वी घालायचो. एकदा श्रीगोंद्याकडच्या एका बाईनं विचारलं, “रबराच्या आडून गुन कसा उतरंल?” वॉर्डभर हशा पिकला, मीही हसलो आणि मोजा काढून तिच्या टाक्यांवर तळवा ठेवला. तेव्हापासून वॉर्डात मोजे सुटलेच. टाक्यांवरची पट्टी काढायची, उघड्या तळव्यानं हलकेच दाबून बघायचं, बरं आहे म्हणायचं. मग पुढच्या खाटेकडे. मध्ये जंतुनाशकाच्या त्याच एका भांड्यात बोटं बुडवायची. दुष्काळ पडल्यापासून ते पाणीसुद्धा दिवसातून एकदाच बदलतं.

“सिस्टर, आजची पट्टी तुम्हीच करा,” मी म्हणालो. केवढा सरळ रस्ता होता! सिस्टर पट्टी करतील, मी तब्येतीचं निमित्त काढून तीन आठवडे महाबळेश्वरला जाईन, नाकाला मलम लावीन, परत येईन. कुणाला काही कळायचं कारण नाही. श्रीमंत बोलणारा माणूस नव्हे. चांगुणाच्या नवऱ्यानं तर आधीच सगळं नशिबावर घातलं होतं. सिस्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. त्या भिंगारच्या, साठीला आलेल्या, माझ्या वडिलांनासुद्धा त्यांनी एकदा एनिमा दिलेला. माझ्या हाताचं त्यांना कधी कौतुक नव्हतं. “ते मला हात लावू देणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “काल टाके नुसते बघते म्हटलं तर सासरे आडवे आले. तुमचाच हात पाहिजे त्यांना. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण मला माहीत नाही.” मग थांबून म्हणाल्या, “आणि पट्ट्या लंकाबाईच्या. तिच्याइतका हलका हात माझा नाही. तीन आठवडे मी एकटी रेटतेय, मागं एकदा बोललेय तुम्हाला.” त्या बोलल्या होत्या. मी तेव्हाही काही म्हटलं नव्हतं.

मी मागच्या अंगणात गेलो. मला वाटतं, मी तिथं तिला आत बोलवायला गेलो नव्हतो. वॉर्डात जायचं टाळायला म्हणून पाय तिकडे वळले होते. लंकाबाई चुलाण्यावरच्या पातेल्यात चादरी लाकडानं ढवळत होती. एप्रिलचं ऊन, खाली जाळ, तोंड घामानं निथळलेलं. पुण्याहून उत्तर आलं, मी म्हणालो. तुझा नमुना साफ आहे. तिनं ढवळायचं थांबवलं नाही. “ते मला ठावं हुतं,” ती म्हणाली. “मग कुनाचा घान निघाला?” मला वाटलं होतं ती हे विचारणार नाही. का वाटलं होतं? सोळा वर्षांत तिनं मला फारसं काही विचारलं नव्हतं, एवढंच. मी उजवा हात वर केला, वर्गात प्रश्नाचं उत्तर येणारं पोर करतं तसा. तिनं हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हसेल, रडेल, शिव्या घालील. तिनं लाकूड बाजूला टेकवून ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “त्या जामखेडच्या बाईचा नवरा. त्याला कळवलं का?”

मी नाही म्हणालो. आज कळवतो म्हणालो. तू आत चल, सात नंबरची पट्टी तुला करायची आहे म्हणालो. “येते की,” ती म्हणाली. “पर आत बोलला न्हाई तर हात लावनार न्हाई मी. बाहीर काढलं तवा वार्डात मोठ्यांदी काढलं. सगळ्यास्नी ऐकू गेलं. आमच्या गल्लीत बी ऐकू गेलं. पोरीच्या शाळंत बाया इचारत्यात, तुझ्या आईच्या हातानं मानसं मरत्यात का गं?” मी म्हणालो, “लंकाबाई, मी असं कधीच म्हटलं नव्हतं.” ती म्हणाली, “तुमी कायच म्हनत न्हाई. लोकं म्हनत्यात आन् तुमी आयकता.” एवढं बोलून ती हौदाकडे गेली. हौदात जेमतेम वीतभर पाणी असेल. तिनं साबण घेतला आणि कोपरापासून खाली, नखांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, घाई न करता हात धुतले. मी बघत उभा होतो. ऑपरेशनची वेळ सोडली तर असे हात मी शेवटचे कधी धुतले होते, मला आठवेना. नवीन नवीन असताना धुवायचो. मग माझ्या हाताला धुण्याची गरज आहे, हेच मला वाटेनासं झालं असावं.

व्हरांड्यातून वॉर्डापर्यंत वीस-बावीस पावलं आहेत. त्या पावलांत मी चार वेगवेगळी वाक्यं तयार केली. ‘थोडासा संसर्ग’ असं एक होतं. ‘तपासणीत असं आढळून आलं आहे’ असं दुसरं. एकातही ‘मी’ नव्हतं. दोन्ही हात कोटाच्या खिशांत घट्ट कोंबलेले. वाटेत ओपीडीचं दार. आत बाकांवर माणसं दाटीनं बसलेली, मला बघून सगळी एकदम उठली. एक म्हातारी पुढं येऊन हात जोडून उभी राहिली आणि माझे हात खिशातून बाहेर येईनात म्हणून गोंधळली. यांना आज काय सांगायचं, उद्या काय सांगायचं? सिव्हिल हॉस्पिटलला जा म्हटलं तर जाणार नाहीत. माझ्या दारात बसून राहतील. मीच त्यांना बसायला शिकवलं. कोटाची वरची गुंडी काढावी म्हटलं तरी हात बाहेर काढावा लागला असता.

भिमाबाई उशीला टेकून बसली होती. मांडीवर मुलगी, पदराखाली पीत असलेली. सासरा रंभाजी खाटेच्या उशाशी. उंच, वाळका माणूस, डोक्याला जुनं मुंडासं. मला बघताच त्याचा चेहरा फुलला. “या सायेब. लई वाट बघाय लावली. आता हात लावा म्हंजी आमी सुटलो.” सिस्टरनी ट्रॉली पुढं ओढली. लंकाबाई दाराशी थांबली, आत आली नाही. वॉर्डात बारा खाटा. आप्पासाहेब अजून तिथंच होते, एक नंबरला, त्यांचा पुतण्या संत्रं सोलत बसलेला. तयार केलेली चारही वाक्यं मी विसरलो. मी म्हणालो, “टाके पिकतात ते माझ्यामुळं. पुण्याहून तपासून आलंय. रोग माझ्या या बोटात आहे आणि नाकात आहे. मी हात लावला की तो तुम्हाला होतो. चांगुणाबाई त्यानंच गेली. लंकाबाईचे हात साफ आहेत. तिला मी उगाच बाहेर काढलं, ती चूक माझी. आजपासून पट्ट्या ती करील. मी कुणाला हात लावणार नाही.” आवाज माझाच होता, पण जरा वरच्या पट्टीत. पुतण्याचं संत्रं सोलायचं थांबलं.

आणि रंभाजी हसला. मोकळं, कौतुकानं. “ऐकलं का?” तो वॉर्डाला म्हणाला. “मोठी मानसं ही अशी बोलत्यात. बाई मेली तर सोताच्या अंगावर घेत्यात. आमच्या गावचा डाक्टर सुई मोडली तरी पेशंटला शिव्या देतो.” “रंभाजी, मी खरं सांगतोय.” “व्हय व्हय. खरंच की. तुमच्या हातात रोग आसंल तर मग दवा कुटं हाय?” पलीकडच्या खाटेवरची म्हातारी मान डोलवायला लागली. आप्पासाहेब उठून बसले, म्हणाले, “सायेब, मनाला लावून घिऊ नका. आमची काय तक्रार न्हाई.” त्यांच्या पोटाला दोन महिने पू येतोय! मी ओरडलो असतो, पण ते इतक्या मायेनं बघत होते. माझं बोलणं त्यांच्यात गेलं आणि गोड होऊन परत आलं. रंभाजीनं माझ्या खिशात हात घालून माझं मनगट धरलं आणि उजवा हात बाहेर काढला. “एकदाच लावा. मंग ती बाई काय करायची ती करंना.” तो ओढत होता. आणि हे मला लिहिलंच पाहिजे, मी जात होतो. माझं मनगट सैल होतं. त्या एका क्षणात मला वाटलं, एवढे सगळे म्हणताहेत तर श्रीमंतचं चुकलं असेल; एकदा, शेवटचं, हलकेच ठेवला तर काय होतंय. पट्टी आता वीतभर अंतरावर होती.

“नगं,” भिमाबाई म्हणाली.

तिनं मुलीला एका कुशीला सरकवून दोन्ही तळवे पट्टीवर दाबून धरले होते. सासऱ्यासमोर ती एरवी मान वर करायची नाही. चार दिवसांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. “मामंजी, त्यांचा हात सोडा,” ती म्हणाली. “ते सांगत्यात त्ये खरं हाय. त्यांच्या तोंडाकडं बगा की. मला हिला वाढवायचीय.” मग दाराकडे बघून, “बाई, तुमी या.” लंकाबाई आली. माझ्या अंगावरून, मला न शिवता, बाजूनं पुढं आली आणि खाटेशी बसली. रंभाजीनं माझं मनगट सोडलं. सोडताना त्यानं आपला तळवा धोतराला पुसला, बहुधा घामच पुसला असेल. तेवीस वर्षांत या हातापासून कुणी अंग चोरून घेतलं नव्हतं. भिमाबाई पोट आकसून, मुलीला छातीशी धरून, माझ्याकडे बघत होती. मी मागं सरेपर्यंत तिनं तळवे काढले नाहीत. अख्ख्या वॉर्डात एकट्या तिनं मला खरं मानलं होतं. मला तिचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. मला तिचा राग आला, असा की डोळे भरून आले. ते पुसायला मी हात वर नेला, आणि तो तोंडाशी न लावता तसाच धरून सगळ्यांसमोर उभा राहिलो.